आमच्या संगणकावर चालते, गिऱ्हाइकाच्या संगणकावर का चालत नाही?

सॉफ्टवेअर लिहून पूर्ण झाल्यानंतर ते दुसऱ्याच्या संगणकावर बसवताना येणाऱ्या अडचणींविषयी आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रे लांब होती, म्हणून त्यांचा मुद्द्यापुरता भाग दिला आहे आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून वगळली आहेत. बहुतेकांनी विंडोजविषयी विचारले असल्यामुळे उत्तरांचा भरही तिकडेच आहे.

प्रश्न : गावातील दूध संकलन केंद्रासाठी मी पायथन या भाषेत एक सॉफ्टवेअर लिहिले आहे. उत्पादकाचा क्रमांक, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅटखेरीज दुधातील घन पदार्थ) भरले की दर निघतो आणि दर दहा दिवसांनी बिले छापता येतात. पायइन्स्टॉलर या साधनाने त्याची थेट चालवता येणारी एकच एक्झी फाइल केली. माझ्या लॅपटॉपवर ती चालते, केंद्रावर मात्र ‘एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ’ अशा नावाने सुरू होणारी डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी सहायक फाइल) सापडत नाही, असा संदेश येतो. ती डीएलएल इंटरनेटवरून उतरवून सिस्टिमच्या फोल्डरमध्ये टाकावी का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : टाकू नये. हरवलेल्या डीएलएल फुकट देणाऱ्या संकेतस्थळांवरून काय उतरेल याची शाश्वती नसते, हे एक कारण झाले. पण येथे खरी फाइल मिळाली तरी उपयोग नाही, हे त्याहून महत्त्वाचे कारण आहे. या संदेशावरून केंद्रातील संगणकावर विंडोज ७ असणार, असे जवळजवळ खात्रीने सांगता येते. पायथनची ३.९ आणि त्यानंतरची कोणतीही आवृत्ती विंडोज ७ वर चालत नाही, कारण ती विंडोजकडे अशा सोयी मागते ज्या विंडोज ८ पासून आल्या. आपल्याला जिचे नाव दिसते ती फाइल म्हणजे काम करणारे यंत्र नव्हे, तर विंडोजच्या आतील एका विभागाकडे बोट दाखवणारी पाटी आहे. इमारतीत तो विभागच नसेल, तर बाहेरून पाटी आणून लावल्याने तो सुरू होत नाही.

मार्ग दोन आहेत. पहिला म्हणजे पायथन ३.८ वर सॉफ्टवेअर पुन्हा बांधणे, कारण विंडोज ७ वर चालणारी ती शेवटची आवृत्ती आहे. आपण खिडक्या आणि बटणे क्यूटी या साधनसंचाच्या साहाय्याने केली असतील, तर तेथेही मागे यावे लागेल, कारण क्यूटी ६ ला किमान विंडोज १० लागते. क्यूटी ५ विंडोज ७ वर चालते. दुसरा मार्ग म्हणजे संस्थेला संगणक बदलण्यास सांगणे. विंडोज ७ ची सुरक्षा अद्यतने १४ जानेवारी २०२० रोजी थांबली आहेत आणि पायथन ३.८ ची देखभालही २०२४ मध्ये संपली आहे, त्यामुळे पहिला मार्ग म्हणजे जुन्या घरावर जुनीच कौले घालण्यासारखे आहे. केंद्रातील संगणक इंटरनेटला जोडलेला नसेल आणि त्यावर संकलनाखेरीज काही होत नसेल, तर मी पहिला मार्ग सुचवीन. त्याच संगणकावरून संस्थेचे बँकेचे व्यवहार होत असतील, तर दुसरा. पहिला मार्ग घेतल्यास तेथील विंडोज ३२ बिटचे आहे की ६४ बिटचे, हे आधी पाहून घ्यावे. पायइन्स्टॉलर ज्या पायथनवर चालवला जातो त्याच जातीची एक्झी तयार करतो. ६४ बिटच्या पायथनवर केलेली एक्झी ३२ बिटच्या विंडोजवर उघडणार नाही, उलट ३२ बिटची दोन्हीकडे चालेल.

आता आपण न विचारलेल्या, पण पुढच्या आठवड्यात ज्याविषयी विचाराल अशा गोष्टीकडे वळतो. एकच एक्झी फाइल हातात धरायला सुटसुटीत वाटते, परंतु तिच्या पोटात शेकडो फाइली बांधलेल्या असतात आणि सॉफ्टवेअर सुरू करताना त्या प्रत्येक वेळी विंडोजच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडल्या जातात. बंद करताना तो फोल्डर पुसला जातो. जुनी हार्ड डिस्क आणि उलगडणारी प्रत्येक फाइल तपासणारा अँटीव्हायरस असेल, तर पहाटे कॅन घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसांसमोर काळी खिडकी बराच वेळ तशीच दिसत राहते. मध्येच वीज गेली तर फोल्डर पुसला जात नाही आणि तशी अर्धवट फोल्डरे साचत जातात. सर्वांत वाईट प्रकार याहून वेगळा आहे. आपल्या प्रोग्रॅममध्ये नोंदींची फाइल ‘जेथे हा प्रोग्रॅम आहे तेथे’ ठेवण्याची ओळ असेल, तर ‘तेथे’ याचा अर्थ आपल्या लॅपटॉपवर कोड लिहिताना आपला फोल्डर असा होतो आणि एकच एक्झी केल्यावर तो तात्पुरता फोल्डर असा होतो. सकाळचे संकलन भरायचे, सॉफ्टवेअर बंद करायचे आणि संध्याकाळी उघडल्यावर पाटी कोरी, असा तो प्रकार आहे. ही ओळ आपल्या कोडमध्ये आहे का, ते आजच पाहावे.

म्हणून पायइन्स्टॉलरला एक फाइल न करता फोल्डर करण्यास सांगावे आणि त्या फोल्डरचा सेटअप वेगळ्या साधनाने बांधावा. इनो सेटअप हे जॉर्डन रसेल यांनी १९९७ पासून चालवलेले साधन किंवा विनॅम्प हे गाणी वाजवणारे सॉफ्टवेअर करणाऱ्या नलसॉफ्टने स्वतःच्या गरजेसाठी केलेले एनएसआयएस, यांपैकी कोणतेही या कामाला पुरेसे आहे. पेनड्राइव्हवर न्यायला सेटअपची एकच फाइल राहते, मात्र उलगडण्याचे काम बसवताना एकदाच होते.

आणि तपासणी स्वतःच्या लॅपटॉपवर करू नये. आपल्या लॅपटॉपवर पायथन आहे, मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल सी++ चे रनटाइम (प्रोग्रॅम चालण्यासाठी लागणाऱ्या तयार फाइलींचा संच) कधीतरी दुसऱ्या कोणत्या तरी सॉफ्टवेअरबरोबर येऊन बसलेले आहे आणि आपण ॲडमिनिस्ट्रेटर आहोत. या तिन्ही गोष्टी गिऱ्हाइकाकडे नसण्याचीच शक्यता अधिक. विंडोजच्या प्रो आवृत्तीत सँडबॉक्स नावाची सोय असते, जी उघडली की दर वेळी कोरे करकरीत विंडोज मिळते आणि बंद केली की सर्व पुसले जाते. ती नसेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, विंडोज बसवावे आणि काही करण्याआधी त्याची स्थिती जतन करून ठेवावी, म्हणजे प्रत्येक चाचणी त्याच कोऱ्या पाटीवरून सुरू करता येते.

प्रश्न : आमचा सुताचा व्यापार आहे. गोदामातील आवक-जावक नोंदवण्यासाठी फार पूर्वी व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये करून घेतलेला प्रोग्रॅम आम्ही वापरतो. नोंदी ॲक्सेसच्या फाइलमध्ये राहतात. जुना संगणक बदलून विंडोज १० चा घेतला आणि दिवसाचा व रात्रीचा असे दोन्ही कारकून वेगवेगळ्या नावांनी लॉगिन करू लागले. तेव्हापासून एकाने केलेल्या नोंदी दुसऱ्याला दिसत नाहीत, मात्र स्वतःच्या सर्व नोंदी प्रत्येकाला दिसतात. प्रोग्रॅम एकच, फाइलही एकच आहे. हे कसे होते?
– एक व्यापारी, इचलकरंजी

उत्तर : फाइल एकच आहे, हा आपला समज आहे. प्रत्यक्षात आपल्याकडे किमान तीन फाइली असाव्यात, आणि हे पत्र वाचल्यावर मला पहिली काळजी वाटली ती आपण घेत असलेल्या बॅकअपची.

विंडोज एक्सपीच्या काळात जवळजवळ प्रत्येक जण ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून काम करीत असे, त्यामुळे प्रोग्रॅम लिहिणारे नोंदींची फाइलही प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये ठेवत. त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टापासून साध्या वापरकर्त्याचे काम साध्या अधिकारांनीच व्हावे आणि प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरमध्ये त्याला लिहिता येऊ नये, हा नियम काटेकोर झाला. तसे केल्यावर जगभरातील जुने प्रोग्रॅम एका रात्रीत बंद पडले असते, म्हणून मायक्रोसॉफ्टने एक तडजोड केली. नव्या नियमांची आपल्याला माहिती आहे, असे सांगणारा मॅनिफेस्ट नावाचा मजकूर ज्या ३२ बिटच्या प्रोग्रॅममध्ये नसतो, त्याने प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहिण्याचा प्रयत्न केला तर विंडोज त्याला नकार देत नाही. ते गुपचूप त्या फाइलची एक प्रत लॉगिन केलेल्या व्यक्तीच्या स्वतःच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये, लोकलच्या आतील व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात करते आणि तेथे लिहू देते. पुढच्या वेळी तोच प्रोग्रॅम तीच फाइल मागतो तेव्हा त्याच्या हाती ही प्रत दिली जाते. प्रोग्रॅमला फसवणूक कळत नाही आणि माणसालाही नाही. आपल्याकडे दोन कारकून म्हणजे दोन प्रती, आणि सेटअपच्या वेळी बसलेली मूळ फाइल ही तिसरी. मध्येच कोणी उजवे बटण दाबून ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ हा पर्याय घेतला असेल, तर त्या दिवसाच्या नोंदी मूळ फाइलमध्ये गेलेल्या असतील, ज्या आता दोघांनाही दिसत नाहीत. आपण प्रोग्रॅम फाइल्समधील फाइलचा बॅकअप घेत असाल, तर तो इतके दिवस त्याच न बदललेल्या फाइलचा निघाला असणार. खात्री करायची असल्यास प्रोग्रॅम चालू ठेवून टास्क मॅनेजरच्या तपशिलांत यूएसी व्हर्च्युअलायझेशन हा स्तंभ जोडून पाहावा. प्रोग्रॅमच्या नावापुढे तो चालू असल्याचे दिसेल.

दुरुस्ती करताना क्रम चुकू नये. प्रथम प्रोग्रॅम बंद करून तिन्ही ठिकाणच्या फाइलींच्या प्रती कोणती कोणाची ते नावात लिहून दुसऱ्या डिस्कवर घ्याव्यात. नंतर त्या एकत्र कराव्या लागतील, आणि हे काम प्रोग्रॅमरने एकट्याने करण्यासारखे नाही, कारण दोन्ही प्रतींनी चलन क्रमांक एकाच आकड्यापासून पुढे नेलेले असतात. एका क्रमांकाची दोन चलने निघालेली असणार आणि त्यांतील कोणते पेढीवरच्या वहीशी जुळते, हे मुनीमजींनाच माहीत. एकत्र केलेली फाइल सर्व वापरकर्त्यांसाठी सामायिक असलेल्या प्रोग्रॅमडेटा या फोल्डरमध्ये, प्रोग्रॅमच्या नावाचा उपफोल्डर करून ठेवावी. येथे आणखी एक खाच आहे. प्रोग्रॅमडेटामध्ये साधा वापरकर्ता नवी फाइल करू शकतो, परंतु दुसऱ्याने केलेली फाइल त्याला सहसा बदलता येत नाही. म्हणून त्या उपफोल्डरपुरता ‘सर्व वापरकर्त्यांना बदल करता येईल’ असा अधिकार सेटअपनेच द्यायला हवा, कारण सेटअप चालतो तेवढ्याच वेळेपुरते त्याच्या हाती ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असतात. इनो सेटअपमध्ये फोल्डर तयार करण्याच्या ओळीतच हे लिहिता येते. मग प्रोग्रॅममधील फाइलचा पत्ता बदलावा आणि अगदी शेवटी मॅनिफेस्ट जोडावा. तो आधी जोडला तर विंडोज ती गुपचूप सोय त्याच क्षणी बंद करेल, प्रोग्रॅम मूळ फाइलकडे पाहू लागेल आणि दोन्ही कारकुनांच्या सगळ्याच नोंदी एकदम नाहीशा झाल्यासारख्या दिसतील. त्या गेलेल्या नसतात, पण गोदामाच्या दारात माल भरलेला टेम्पो उभा असताना हे कोणाला समजावून सांगता येत नाही.

प्रोग्रॅमचा मूळ कोड आपल्याजवळ नसेल, तर पत्ता बदलता येणार नाही. अशा वेळी प्रोग्रॅम फाइल्सच्या बाहेर, उदाहरणार्थ डी ड्राइव्हवर, संपूर्ण प्रोग्रॅम बसवून त्या फोल्डरला बदलाचे अधिकार देणे हा कमी प्रतीचा, पण चालणारा उपाय आहे. नव्याने लिहिणाऱ्यांनी मात्र त्याचा आदर्श ठेवू नये. प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फाइली प्रोग्रॅम फाइल्समध्ये आणि त्या फक्त सेटअपने बदलायच्या. एका व्यक्तीच्या आवडीनिवडी तिच्या ॲपडेटामध्ये. सर्वांच्या नोंदी प्रोग्रॅमडेटामध्ये. आणि माणूस जे नाव देऊन जतन करतो ते त्याच्या डॉक्युमेंट्समध्ये किंवा तो सांगेल तेथे.

प्रश्न : माझ्या सॉफ्टवेअरच्या खिडक्या पायक्यूटीने केल्या आहेत. ते विकायचे झाल्यास मूळ कोड द्यावा लागेल, असे एका मित्राचे म्हणणे आहे. खरे आहे का?
– एक विद्यार्थी, अमरावती

उत्तर : पायक्यूटी, म्हणजे पायथनमधून क्यूटी वापरण्याचे साधन, जीपीएल या खुल्या परवान्याखाली किंवा विकतच्या व्यापारी परवान्याखाली मिळते. विकतचा परवाना घेतला नसेल, तर सॉफ्टवेअर ज्याला द्याल त्याला कोडही द्यावा लागेल, त्यामुळे मित्र बरोबर आहे. तेच काम करणारे पायसाइड एलजीपीएल या त्याहून सैल परवान्याखाली आहे. त्याच्या अटी पाळल्या, म्हणजे क्यूटीच्या फाइली सुट्या ठेवल्या आणि परवान्याचा मजकूर सेटअपबरोबर दिला, तर स्वतःचा कोड बंद ठेवून विक्री करता येते. दोन्हींची घडण इतकी सारखी आहे की बदल करायला आठवडाही लागू नये.

प्रश्न : निर्यातीच्या द्राक्षांसाठी फवारणीची नोंदवही ठेवणारे सॉफ्टवेअर मी केले आणि त्याचा सेटअप उतरवण्याचा दुवा ओळखीच्या बागायतदारांना पाठवला. बहुतेकांना ‘विंडोजने तुमच्या पीसीचे रक्षण केले’ अशी निळी पाटी दिसते आणि काहींचा अँटीव्हायरस फाइल थेट पुसून टाकतो. पेनड्राइव्हने नेऊन दिली की ही पाटी येत नाही. सध्या मी सर्वांना बसवताना दहा मिनिटे अँटीव्हायरस बंद करायला सांगतो. हे योग्य आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : योग्य नाही, आणि ते आपल्याच हिताचे नाही. आज आपल्या सांगण्यावरून जो बागायतदार अँटीव्हायरस बंद करतो, तो उद्या आपल्या नावाने फोन करणाऱ्या कोणाच्याही सांगण्यावरून तो बंद करील.

निळी पाटी ही स्मार्टस्क्रीन या विंडोजमधील अनोळखी फाइली अडवणाऱ्या सोयीची आहे. ब्राउझर इंटरनेटवरून फाइल उतरवतो तेव्हा ‘ही बाहेरून आली आहे’ अशी एक अदृश्य चिठ्ठी तिला चिकटवतो. बहुतेक पेनड्राइव्ह ज्या फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात, त्या पद्धतीत अशी चिठ्ठी साठवण्याची जागाच नसते. पेनड्राइव्हवरची फाइल निमूटपणे चालते ती त्यामुळे. ती अधिक सुरक्षित असते म्हणून नव्हे. चिठ्ठी असलेली एक्झी उघडताना स्मार्टस्क्रीन दोन गोष्टी पाहते: फाइलवर कोणाची डिजिटल सही आहे आणि ही फाइल किंवा ही सही यापूर्वी किती ठिकाणी निर्वेधपणे चालली आहे. सही नसेल तर ओळख केवळ त्या एका फाइलची राहते; आपण एक स्वल्पविराम बदलून नवा सेटअप बांधला की ती फाइल पुन्हा जगाला अनोळखी. सही असेल तर ओळख सहीच्या नावावर साचत जाते आणि पुढच्या आवृत्तीला तिचा लाभ होतो. सही केल्याबरोबर पाटी नाहीशी होईल असे मात्र समजू नये. सहीचे प्रमाणपत्र अधिकृत संस्थेकडून विकत घ्यावे लागते, तो खर्च पुन्हा पुन्हा येतो, आणि १ जून २०२३ पासून त्याची गुप्त किल्ली यूएसबी टोकनसारख्या सुरक्षित उपकरणातच ठेवण्याचे बंधन आहे. सही करताना वेळेचा शिक्काही घ्यावा, म्हणजे प्रमाणपत्राची मुदत संपल्यानंतरही आधी केलेल्या सह्या ग्राह्य राहतात. हा शिक्का विसरणारे बरेच असतात आणि त्यांना ते मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी कळते. खर्च टाळायचा असेल तर एमएसआयएक्स या मायक्रोसॉफ्टच्या सेटअप स्वरूपात सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये ठेवण्याचा पर्याय आहे. तेथे सही मायक्रोसॉफ्टची होते.

अँटीव्हायरसचा मुद्दा थोडा निराळा आहे. पायइन्स्टॉलरने केलेली एकच एक्झी, त्यातून ती यूपीएक्स या फाइल लहान करणाऱ्या साधनाने आवळलेली, ही आतून व्हायरस लिहिणाऱ्यांच्या आवडत्या बांधणीसारखीच दिसते, कारण तेही हीच साधने वापरतात. आवळणे बंद करून आणि पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे फोल्डर करून सेटअप बांधला, तर बरीच प्रकरणे तेथेच मिटतात. उरलेल्या ठिकाणी त्या त्या अँटीव्हायरस कंपनीकडे फाइल तपासणीसाठी पाठवावी; मायक्रोसॉफ्टसह मोठ्या कंपन्यांनी यासाठी सोय ठेवलेली आहे. तोवर दुव्याखाली सेटअपचा शा-२५६ हा ठसा (फाइलवरून काढलेली, फाइल बदलली की बदलणारी अक्षरांची ओळ) छापावा आणि विंडोजमधीलच सर्टयुटिल या आज्ञेने तो कसा ताडून पाहायचा, हे चार ओळींत लिहावे. सगळे बागायतदार तो पाहणार नाहीत, पण त्यांच्यातला एखादा अभियंता मुलगा पाहील आणि बाकीचे त्याला विचारतील.

प्रश्न : शाळेची निकालपत्रके छापण्यासाठी मी केलेल्या प्रोग्रॅममध्ये मंगल हा फॉन्ट वापरला आहे. काही शाळांत अक्षरे वेगळी दिसतात आणि एका पानाचे निकालपत्रक दीड पानावर जाते. संगणक सारखेच आहेत.
– एक शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : संगणक सारखे असले तरी त्यांवर निवडलेल्या भाषा सारख्या नसाव्यात. विंडोज १० पासून मंगल हा फॉन्ट सरसकट बसत नाही. तो देवनागरीच्या पुरवणी फॉन्टांत आहे आणि मराठी किंवा हिंदी भाषा विंडोजमध्ये जोडली की आपोआप उतरतो. ज्या शाळेत कोणी मराठी कळफलक घेतला तेथे मंगल आहे. जेथे सर्व काही इंग्रजीवर ठेवले आहे तेथे विंडोज त्याच्या जागी निर्मला यूआय वापरते, ज्याच्या अक्षरांची रुंदी आणि ओळींची उंची वेगळी असते, आणि शेरा या स्तंभातला मजकूर खाली ढकलला जातो.

मंगल स्वतः सेटअपमध्ये घालू नये, कारण तो वाटण्याचा अधिकार आपल्याला नाही. ‘मुक्त’ नावाचा किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांसारखे फॉन्ट खुल्या फॉन्ट परवान्याखाली मिळतात. ते सॉफ्टवेअरबरोबर देता येतात, फक्त परवान्याची फाइल बरोबर ठेवावी लागते. फॉन्ट संपूर्ण संगणकावर बसवण्याऐवजी प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये ठेवून प्रोग्रॅम सुरू होताना स्वतःपुरता उघडावा. त्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागत नाहीत आणि अनइन्स्टॉल केल्यावर मागे काही राहत नाही. निवडलेला फॉन्ट ‘दऱ्याखोऱ्या’, ‘वऱ्हाड’ आणि ‘कुऱ्हाड’ हे तीन शब्द छापून पारखावा, कारण पडद्यावर सुरेख दिसणारे फॉन्ट अर्ध्या ‘ऱ’पाशी कसे अडखळतात ते कागदावर कळते.

आपण विचारले नाही, तरी आणखी एक चाचणी करून पाहावी. चाचणीच्या संगणकावर ‘संगीता’ अशा देवनागरी नावाचे खाते उघडून त्यातून सेटअप चालवावा. वापरकर्त्याच्या फोल्डरचे नाव देवनागरीत असले की फाइलचा पत्ता युनिकोडमध्ये न वाचणारे प्रोग्रॅम आणि त्यांनी वापरलेले जुने घटक तेथेच कोसळतात. मराठीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम मराठी नावावर आपटावा, यापरते लाजिरवाणे काही नाही.

प्रश्न : आमच्या मराठी शाळेतील मुलांसाठी एका पालकाने बाराखडीच्या सरावाचे सॉफ्टवेअर केले आहे. विंडोजवर ते चालते. ज्या घरी मॅक आहे तेथे मात्र ॲपलला या फाइलची तपासणी करता आली नाही असे सांगून ते उघडतच नाही. पूर्वी कंट्रोल कळ दाबून उघडता येत असे, आता तेही होत नाही.
– एक शिक्षिका, न्यू जर्सी

उत्तर : मॅकवरील गेटकीपर नावाचा पहारेकरी २०१२ पासून असली तपासणी करतो आणि २०१९ च्या कॅटालिना या आवृत्तीपासून त्यात नोटरायझेशनची भर पडली. सॉफ्टवेअरवर विकसकाची सही करायची, ते ॲपलकडे पाठवायचे, तेथे यंत्राने तपासणी होते आणि मिळालेली पावती सॉफ्टवेअरला जोडून मग ते वाटायचे, असा क्रम आहे. त्यासाठी ॲपलच्या विकसक योजनेचे वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात. कंट्रोल कळ दाबून उघडण्याची पळवाट २०२४ च्या सिकोया या आवृत्तीपासून बंद झाली आहे. आता सेटिंग्जमधील गोपनीयता व सुरक्षा या भागात जाऊन ‘तरीही उघडा’ असे सांगावे लागते. पाचसात घरांचा प्रश्न असेल तर प्रत्येक पालकाला हे एकदा दाखवून देणे पुरे आहे. बाराखडीच्या सरावासाठी पैसे भरून सही घेण्याऐवजी तेच सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालेल असे केले, तर मॅक आणि विंडोज हा भेदच उरत नाही. माझे मत त्या बाजूचे आहे.

प्रश्न : नवी आवृत्ती बसवली की कंट्रोल पॅनेलमध्ये जुनी आणि नवी अशी दोन नावे दिसतात. तसेच अनइन्स्टॉल करताना गिऱ्हाइकाच्या नोंदीही पुसाव्यात का? संगणक स्वच्छ राहावा असे मला वाटते.
– एक वाचक, पुणे

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे. प्रत्येक सॉफ्टवेअरला सेटअपमध्ये एक ओळखक्रमांक दिलेला असतो. आवृत्ती बदलली तरी तो बदलायचा नसतो. इनो सेटअपमध्ये तो ॲपआयडी या नावाने असतो. आपण दर वेळी नवा तयार करीत असाल, म्हणून विंडोजला ती दोन वेगळी सॉफ्टवेअर वाटतात. एमएसआय या विंडोजच्या स्वतःच्या सेटअप पद्धतीत दोन क्रमांक असतात: अपग्रेड कोड कायम ठेवायचा आणि प्रॉडक्ट कोड मोठ्या बदलाच्या वेळी बदलायचा. शिवाय एमएसआय आवृत्तीच्या आकड्यातील पहिले तीनच भाग पाहते, त्यामुळे २.१.०.५ नंतर २.१.०.६ दिली तर तिच्या लेखी काहीच बदललेले नसते.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना मला स्वतःची चूक सांगावी लागेल. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेला दिलेल्या सेटअपमध्ये मी अनइन्स्टॉल करताना प्रोग्रॅमचा संपूर्ण फोल्डर पुसण्याची ओळ लिहिली होती, आणि नोंदींची फाइल त्याच फोल्डरच्या आत होती. संगणक स्वच्छ राहावा, हाच माझाही हेतू होता. प्रिंटरवर पावती नीट येत नाही म्हणून तेथील कर्मचाऱ्याने, आपण सगळेच करतो त्याप्रमाणे, ‘एकदा काढून परत टाकून बघू’ असे म्हणून सॉफ्टवेअर काढले आणि पुन्हा बसवले. पावती नीट येऊ लागली. खातेदारांची यादी मात्र रिकामी होती. आदल्या शनिवारचा बॅकअप होता म्हणून पाच दिवसांच्या पावत्यांची पुस्तके समोर ठेवून दोघांनी दोन रात्री नोंदी पुन्हा भरल्या. त्यांतला एक मी होतो.

आपल्याकडे अनइन्स्टॉल याचा अर्थ बहुधा ‘आता हे नको’ असा नसतो, तर ‘हे बिघडले आहे, पुन्हा बसवून बघू’ असा असतो. त्यामुळे प्रोग्रॅमने आणलेल्या फाइली, शॉर्टकट आणि रजिस्ट्रीतील नोंदी सेटअपने न विचारता काढाव्यात आणि माणसाने भरलेल्या नोंदींना हात लावू नये. संगणक विकायचा असल्यास नोंदी पुसण्याची सोय हवी हे मान्य, पण ती प्रश्न विचारून द्यावी: ‘या संगणकावरील सर्व खातेदारांच्या नोंदीही कायमच्या पुसायच्या आहेत का?’ असे पूर्ण वाक्य लिहावे आणि नुसती एंटर दाबली असता उत्तर ‘नाही’ जाईल असे बटण ठेवावे. इनो सेटअपच्या अनइन्स्टॉलच्या भागात पास्कल भाषेच्या पाचसहा ओळींत हे होते. अनइन्स्टॉल कोणतीही खिडकी न दाखवता आपोआप चालवले जात असेल, तर प्रश्न विचारायला समोर माणूस नसतो. तेव्हाही नोंदी जागच्या जागी राहतील, हे एकदा स्वतः चालवून पाहावे.